जुन्या मोटारींचे हवेचे सस्पेन्शन आणि त्यांची न ढळणारी उंची

सोलापुरात हवेचे सस्पेन्शन, म्हणजे गाडीचा भार हवेने भरलेल्या रबरी बलूनवर तोलून धरणारी रचना, ही अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. पुणे-हैदराबाद महामार्गावरचे शहर असल्यामुळे रोज रात्री इथून जाणाऱ्या आरामबसच्या पाठीवर ही अक्षरे मोठ्या दिमाखात रंगवलेली असतात, आणि जुन्या पुणे नाक्यावर बस थांबून प्रवासी उतरू लागले की तिच्या पोटाखालून येणारा ‘फुस्स’ असा आवाजही सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो ब्रेकचा आवाज आहे असे बहुतेकांना वाटते, आणि बऱ्याचदा तो ब्रेकचाच असतो. परंतु बस उभी असताना, प्रवासी आणि सामान उतरत असताना जो हलका, लांबट आवाज येत राहतो, तो वेगळा. ओझे कमी झाल्यामुळे बस किंचित वर उचलली गेलेली असते आणि तिला ठरलेल्या उंचीवर परत आणण्यासाठी एक छोटा व्हॉल्व्ह जास्तीची हवा बाहेर सोडत असतो. हाच व्हॉल्व्ह आकाराने लहान करून १९५० आणि १९६० च्या दशकांतील काही आलिशान मोटारींत बसवला गेला होता. जुन्या गाड्यांच्या नादामुळे आणि चादरीच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम केल्यामुळे मला त्या रचनेचे कुतूहल आहे, आणि तिच्याविषयी गॅरेजमध्ये जे बोलले जाते त्यातील बरेचसे अर्धवट असते असे माझे मत आहे. ‘हवेवरची गाडी म्हणजे मऊ गाडी’ हे त्यातील पहिले अर्धसत्य.

मऊपणा पोलादी स्प्रिंगनेही साधता येतो. अडचण येते ती मऊ स्प्रिंगवर ओझे बदलले की. समजा, एखाद्या मोठ्या मोटारीच्या मागच्या आसावर रिकामी असताना ७०० किलो भार येतो. तिची मागची बाजू सेकंदाला सुमारे एक हेलकावा घेईल इतकी मऊ ठेवायची असेल, तर त्या भाराखाली स्प्रिंग साधारण २५ सेंटिमीटर दबलेली असावी लागते. हा हिशेब गुरुत्वाकर्षणावरून निघतो, त्यात कारखानदाराच्या इच्छेला वाव नाही. आता मागे तीन माणसे बसली आणि डिकीत अक्कलकोटच्या दोन दिवसांच्या मुक्कामाचे सामान भरले, मिळून ३०० किलो वाढले, तर तीच स्प्रिंग आणखी जवळजवळ ११ सेंटिमीटर दबते. गाडीचे नाक वर जाते, दिवे समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत घुसतात, पुढच्या चाकांवरचा भार कमी होऊन स्टिअरिंग हलके लागते, आणि चाकाला वर जायला जागाच न उरल्यामुळे पहिल्या मोठ्या खड्ड्यात रबरी थांब्यावर दणका बसतो. हे टाळण्यासाठी स्प्रिंग कडक करून हीच घसरण चार सेंटिमीटरवर आणली, तर हेलकाव्यांची गती सेकंदाला एकवरून दीडच्या पुढे जाते आणि एकट्या चालकाला तीच गाडी उगाच खडखडीत वाटू लागते. मऊपणा आणि भार वाहण्याची ताकद या दोहोंपैकी एकच पदरात पडते. टॅक्सी आणि ट्रकवाले स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांची संख्या वाढवून निमूटपणे दुसरी बाजू निवडतात. आलिशान मोटार बनवणाऱ्यांना दोन्ही हव्या होत्या, आणि मोटारींत उंची आपोआप राखणारे सस्पेन्शन आले ते या हव्यासातून.

हवेची स्प्रिंग म्हणजे जाड, दोऱ्याच्या विणीने मजबूत केलेल्या रबराचा बलून. त्याचे एक तोंड गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरे चाकाच्या बाजूच्या भुजेला बसवलेले असते. त्याने किती भार पेलायचा हे दोनच गोष्टींवर ठरते: आतील हवेचा दाब आणि तो दाब ज्या क्षेत्रफळावर पडतो ते क्षेत्रफळ. वर घेतलेल्या गाडीत मागे दोन बलून आहेत आणि प्रत्येकाचे परिणामकारक क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे असे धरले, तर रिकाम्या गाडीसाठी प्रत्येक बलूनमध्ये साधारण ५० पौंड हवा लागेल, आणि भरलेल्या गाडीसाठी ७१ पौंड. पेट्रोल पंपावर आपण टायरमध्ये तीसेक पौंड भरून घेतो, त्यावरून हे आकडे किती आवाक्यातले आहेत हे कळेल. म्हणजे वाढलेले ३०० किलो पेलण्यासाठी बलूनला दबण्याची गरज नाही. त्याच उंचीवर राहून त्याच्यात एकवीस पौंड हवा वाढवली की काम झाले.

ही हवा कोणी, केव्हा आणि किती वाढवायची, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देणारा उंचीचा व्हॉल्व्ह हा या सगळ्या रचनेचा मेंदू आहे. तो गाडीच्या सांगाड्यावर घट्ट बसवलेला असतो. त्याच्यातून एक छोटी दांडी बाहेर आलेली असते आणि ती एका जोडदांड्याने चाकाच्या भुजेशी किंवा अँटी-रोल बारशी (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याशी) जोडलेली असते. ओझे वाढून गाडी खाली आली की दांडी एका बाजूला फिरते, व्हॉल्व्हमधील आत येण्याची वाट उघडते आणि गाडीतच बसवलेल्या हवेच्या टाकीतील जास्त दाबाची हवा बलूनमध्ये शिरते. गाडी वर येऊ लागते, तशी दांडी परत मधल्या जागी येते आणि वाट आपोआप बंद होते. ओझे उतरले की उलट घडते: दांडी दुसऱ्या बाजूला फिरते आणि बलूनमधील हवा बाहेर सोडली जाते. विजेचा तुकडाही नाही, गणक नाही. हातमागावरून यंत्रमागावर आलेल्या आमच्या सोलापूरकरांना ही युक्ती समजायला वेळ लागत नाही, कारण मागाच्या मागच्या बीमवरून, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावरून, ताणा (उभे धागे) सोडणारी यंत्रणाही अशीच चालते: ताण वाढला की मागचा रूळ किंचित झुकतो, त्या झुकण्यानेच बीम थोडा जास्त फिरतो आणि ताण पूर्ववत होतो. मोजणारा आणि दुरुस्त करणारा भाग एकच असल्याची मौज दोन्हीकडे सारखी आहे.

मात्र गाडीच्या बाबतीत एक गुंता जास्त आहे. रस्त्यावर धावताना चाक क्षणाक्षणाला वरखाली होते, आणि दर खड्ड्याला व्हॉल्व्ह हवा भरू-सोडू लागला तर टाकी काही मैलांतच रिकामी होईल. म्हणून मधल्या जागेच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी चाल ठेवलेली असते, हवेच्या वाटा मुद्दाम बारीक केलेल्या असतात, आणि अनेक व्हॉल्व्हमध्ये दांडीच्या हालचालीला आवर घालणारी सोयही असते. परिणामी खड्ड्याचा झटका व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतो, पण त्यावर काही घडण्याआधीच तो संपलेला असतो. टिकून राहिलेला बदल तेवढा मोजला जातो. ही मंदगती हाच या यंत्रणेचा शहाणपणा आहे. गाडीत माणसे बसली की लगेच ती टुणकन वर उठत नाही, थोडा वेळ घेऊन सावरते, यात बिघाड काहीच नसतो.

मर्सिडीज-बेन्झने १९६१ च्या ३०० एसई मध्ये ही रचना प्रथम दिली, १९६३ च्या ६०० या अवाढव्य गाडीत वापरली आणि पुढे ३०० एसईएल मध्ये, तिच्या ६.३ लिटरच्या प्रसिद्ध आवृत्तीसह, चालू ठेवली. इंजिनावर चालणारा छोटा कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती टाकीत साठते, आणि तिथून तीन उंची-व्हॉल्व्हकडे जाते: पुढे डाव्या-उजव्या बाजूंना एकेक आणि मागे दोन्ही बाजूंसाठी मिळून एक. चार चाके असताना व्हॉल्व्ह तीनच का, असे मला अनेकांनी विचारले आहे. पातळी ठरवायला तीन बिंदू पुरतात. चौथा घातला की उंचसखल जागी उभ्या असलेल्या गाडीत कर्णावरच्या दोन कोपऱ्यांचे व्हॉल्व्ह हवा भरत बसतात आणि उरलेले दोन सोडत बसतात, आणि सांगाड्याला पीळ पडतो. डॅशबोर्डजवळच्या बटणाने खराब रस्त्यासाठी गाडी थोडी उंच करण्याचीही सोय होती. हवेतील वाफ नळ्यांमध्ये गोठू नये म्हणून अल्कोहोलची एक बाटलीही या यंत्रणेत जोडलेली असे. जर्मनीच्या हिवाळ्यात ती आवश्यक होती, आपल्याकडे तिला शोभेपलीकडे काम नाही.

हवेच्या स्प्रिंगचा एक गुण मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि मला तो उंचीइतकाच मोलाचा वाटतो. पोलादी स्प्रिंगचा कडकपणा कायम असतो. त्यामुळे ओझे वाढले की हेलकावे मंद होतात, गाडी डुलते, आणि रिकाम्या गाडीसाठी बसवलेले शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे हेलकावे जिरवणारे नळकांडे, अपुरे पडतात. बलूनमध्ये उंची तीच ठेवून दाब वाढवला की त्याचा कडकपणाही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. भार दीडपट, कडकपणाही सुमारे दीडपट. म्हणून हेलकाव्यांची लय जवळजवळ तशीच राहते आणि गाडी रिकामी असो की भरलेली, बसणाऱ्याला ती सारखीच वाटते. आरामबसमध्ये चार प्रवासी असतानाही ती आदळत नाही, आणि एसटीची पाट्यांवरची रिकामी बस मोहोळपर्यंत दात वाजवते, त्याचे कारण बव्हंशी इथे आहे.

सिट्रोएन या फ्रेंच कंपनीने १९५४ मध्ये आपल्या एका गाडीच्या मागच्या चाकांना आणि १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात डीएस या गाडीच्या चारही चाकांना दिलेली रचना याच कुळातली असली तरी तिचे शरीर वेगळे आहे. तिथे स्प्रिंगचे काम पोलादी गोलात बंद केलेला नायट्रोजन करतो. त्याचे वस्तुमान कधी बदलत नाही, आणि उंची राखण्यासाठी गोलातील लवचिक पडद्याच्या पलीकडे उच्च दाबाचे तेल कमीजास्त केले जाते. ओझे वाढले की वायू दबून लहान होतो, आणि म्हणून तिथे कडकपणा भारापेक्षाही वेगाने वाढतो. भरलेली डीएस किंचित ताठ होते. पोलादात लय मंदावते, हवेत टिकते, वायू-तेलात चढते: हे तिन्ही प्रकार एकमेकांशेजारी ठेवून पाहिले म्हणजे ‘सगळी हवेचीच सस्पेन्शन’ असे सरसकट म्हणणे किती ढोबळ आहे हे ध्यानात येते. सिट्रोएनच्या पॉल मॅजेस या, औपचारिक अभियांत्रिकी पदवी नसलेल्या माणसाने ही कल्पना तडीस नेली, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. सुरुवातीच्या वर्षांतील तेल ओलावा शोषून घेत असल्यामुळे आतील भाग गंजत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिरवे खनिज तेल आले आणि गाडीची प्रकृती सुधारली.

अमेरिकेचा अनुभव थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅममध्ये हवेचे सस्पेन्शन होते, पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सच्या इतर गाड्यांवरही ते जादा किमतीत मिळू लागले, आणि गळती व बिघाड यांना कंटाळून काही वर्षांतच ते गुंडाळले गेले. अनेक मालकांनी बलून काढून कॉइल स्प्रिंगा बसवल्या. काहींनी मधला मार्ग काढला. १९७० च्या पहिल्या रेंज रोव्हरमध्ये पोलादी स्प्रिंगांच्या जोडीला मागच्या आसावर बोगे या जर्मन कंपनीचा एक स्वयंपूर्ण नळकांडा होता, जो रस्त्यावरच्या हेलकाव्यांतूनच स्वतःला पंप करून घेई. गाडी थोडे अंतर चालली की मागची बाजू वर येई. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील स्टेशन वॅगनमध्ये मागे कॉइल स्प्रिंग आणि मदतीला इंजिनच्या पंपावर चालणारी वायू-तेलाची जोड होती. ओझे बदलते ते मुख्यतः मागे, तेव्हा खर्च तिथेच करावा, हा विचार मला व्यवहारी वाटतो.

१९८४ च्या लिंकन कॉन्टिनेंटल मार्क सेव्हनपासून दांडीची जागा विजेच्या उंची-संवेदकाने आणि व्हॉल्व्हची जागा गणकाच्या हुकमावर उघडणाऱ्या सोलेनॉइडने (विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या झडपेने) घेतली. १९९० च्या दशकात रेंज रोव्हरमध्ये आणि १९९८ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये हीच पद्धत आली. तत्त्व तेच राहिले. एक फरक मात्र दुरुस्ती करणाऱ्याने लक्षात ठेवावा: जुना यांत्रिक व्हॉल्व्ह किल्ली काढून घेतल्यावरही, टाकीत हवा असेपर्यंत काम करीत राहतो. त्यामुळे मागची एकच नळी गळत असली तरी रात्रभर टाकी ती गळती भरून काढते, आणि टाकी संपल्यावर सकाळी भलताच कोपरा आधी बसलेला दिसू शकतो.

सोलापूरच्या हवामानाचा इथे संबंध येतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा त्रेचाळीसच्या आसपास असताना सावरलेली गाडी रात्री पंचवीस-सव्वीस अंशांपर्यंत थंड होते, आणि त्या फरकाने बलूनमधील हवा सुमारे सहा टक्के आकुंचन पावते. गाडीचा प्रकार आणि बलूनची उंची लक्षात घेता सेंटिमीटरभर उंची एवढ्यानेच जाते. ती चारही बाजूंनी सारखी गेली असेल, तर गॅरेज गाठण्याचे कारण नाही. इंजिन सुरू केल्यावर ती परत येते. एकच बाजू दोन-तीन सेंटिमीटर बसली असेल, तर गळती आहे. उन्हाने आणि हवेतील ओझोनने रबराच्या घडीवर बारीक भेगा पडतात, आणि त्या फक्त बलून विशिष्ट उंचीवर असतानाच उघडतात. म्हणून तपासणी गाडी सर्वांत उंच स्थितीत आणि नेहमीच्या स्थितीत अशी दोन्ही वेळा करावी. साबणाचे पाणी आणि रंगाचा ब्रश यांपलीकडे उपकरण लागत नाही. आधी नळ्यांचे जोड, मग व्हॉल्व्हचे तोंड, मग बलूनच्या घड्या, असा क्रम ठेवला की बहुतेक वेळा दोष बलूनपर्यंत पोहोचण्याआधीच, एखाद्या सुकलेल्या ओ-रिंगमध्ये (जोडातील रबरी कड्यात) सापडतो.

आमच्या एका परिचितांच्या, नव्वदच्या दशकातील परदेशी गाडीचा कॉम्प्रेसर जळाला, नवा मागवला, तोही जळाला. हा प्रकार सर्रास घडतो, आणि त्याचे कारण कॉम्प्रेसरमध्ये क्वचितच असते. विजेवर चालणारा तो छोटा कॉम्प्रेसर मिनिट-दोन मिनिटे चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो. कुठेतरी हवा गळत असली की तो अखंड चालत राहतो, तापतो, त्याची पिस्टन-रिंग झिजते, आणि शेवटी तोच गुन्हेगार ठरवला जातो. त्याच्या शेजारी हवा कोरडी करणारे दाणे भरलेली एक डबी असते. बऱ्याच रचनांमध्ये बाहेर सोडलेली कोरडी हवा त्याच डबीतून परत जाताना दाण्यांमधला ओलावा घेऊन जाते, म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते. परंतु कॉम्प्रेसर अखंड चालू लागला की ओलावा येतो जास्त आणि जातो कमी, दाण्यांचा भुगा होतो, आणि तो भुगा थेट व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. परिचितांच्या गाडीत शेवटी बदलावी लागली ती व्हॉल्व्ह-ब्लॉकमधील काही ओ-रिंगा आणि ती डबी. होटगी रस्त्यावरच्या, बसची कामे करणाऱ्या एका मिस्त्रींनी ते काम केले. मोटारीच्या मेकॅनिकपेक्षा बसच्या मिस्त्रीला हवा जास्त समजते, हे माझे ठाम मत आहे.

बलून काढून पोलादी स्प्रिंगा बसवाव्यात का, हा प्रश्न अशा प्रत्येक गाडीच्या नशिबी येतो. गाडी एकट्यानेच चालवायची असेल, सुटे भाग मिळत नसतील आणि बलूनची किंमत गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागली असेल, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण तेव्हा सुरुवातीला सांगितलेला हिशेब परत येतो: मिळणारी स्प्रिंग रिकाम्या गाडीला मऊ आहे की भरलेल्या गाडीला पुरेशी, हे विकणाऱ्याला विचारावे, आणि त्याने ‘दोन्हीला’ असे उत्तर दिले तर दुसरा विक्रेता शोधावा. शॉकॲब्सॉर्बरही त्या स्प्रिंगला जुळणारे घ्यावे लागतात, हे बहुतेक जण विसरतात आणि मग गाडी पुलाच्या जोडांवर उसळते.

शेवटचा मुद्दा पंक्चरचा, कारण नुकसान सर्वांत जास्त तिथे होते. गाडी जॅकवर उचलली की चाक खाली लोंबते. यांत्रिक व्हॉल्व्हला वाटते की गाडी फारच उंच झाली आहे आणि तो प्रामाणिकपणे त्या बलूनमधील सगळी हवा सोडून देतो. मग जॅक काढला की गाडी रिकाम्या, चुरगळलेल्या बलूनवर बसते, रबराची घडी दोन धातूंच्या मध्ये चिमटते आणि फाटते. ज्या गाड्यांत यंत्रणा कुलूपबंद करण्याची कळ किंवा बटण आहे, त्यांत ते आधी दाबावे. जॅक सांगाड्याखाली न लावता, पुस्तिकेत परवानगी असेल तर, चाकाच्या भुजेखाली लावावा. आणि चाक बसवल्यावर जॅक पूर्ण काढण्याआधी इंजिन चालू करून त्या बलूनमध्ये हवा भरू द्यावी. विजापूर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून त्याने जॅक हातात घेण्यापूर्वी मालकानेच गाडीतून उतरून त्याला सांगावे.